एकपदरी आवाज

गव्हाण सुरू होण्याआधी बशीरभाईंचा आवाज यायचा. "गव्हाण सुरू होतीय. बाजूला व्हा. लेकरं बाजूला घ्या." असं तीनदा. मगच साखळी हलायची.

ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाण म्हणजे जमिनीत खणलेली खोल, लांब नाली. तिच्या तळाला लोखंडी पट्ट्यांची साखळी. गाड्यांमधला ऊस तिच्यात पडतो आणि साखळी तो चरकाकडं ओढत नेते. वाटेत ऊस तोडायच्या सुऱ्या असतात. चरक तुंबला की साखळी थांबते, मोकळा झाला की परत निघते. दिवसभर हेच. थांबलेली गव्हाण फार गरीब दिसते. काठाला उसाची कांडकी सांडलेली असतात. आईबाप गाडीवर नंबराची वाट बघत पेंगत असतात, आणि लेकरं कांडकी वेचत वेचत काठापर्यंत येतात. आमच्या कारखान्यात त्या काठाला कठडा नव्हता. लेकरू आणि साखळी यांच्यामध्ये काय होतं, तर बशीरभाईंचा आवाज.

मी तिथं वायरमन होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता बंद आहे, आवारात बाभळी माजल्यात. मी मुळात कमी बोलणारा. आज जे लिहायला बसलोय ते तेव्हाच एका साहेबापुढं उभ्या उभ्या सांगून मोकळं व्हायला हवं होतं. तेव्हा मी दोनच शब्द बोललो. दोन्ही खरे होते.

पण आधी बशीरभाई.

माजलगावात त्यांच्या वडिलांचा भोंग्यांचा धंदा. लग्न, उरूस, सभा, कुस्त्या. जिथं माणसं जमणार तिथल्या झाडावर यांचा भोंगा. पुढं गावोगावी डीजे आले, भोंगे माळ्यावर गेले आणि बशीरभाई कारखान्यात लागले. हुद्दा काहीतरी वेगळाच होता, पण सगळे त्यांना भोंगेवालेच म्हणायचे. पांढरा सफारी, मेंदी लावलेल्या मिशा, खिशात कंगवा, आणि उजव्या कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया. मळीच्या वासानं जिथं डोकं उठायचं तिथं बशीरभाई जवळून गेले की क्षणभर खस दरवळायचा.

नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. कानाचा भारी अभिमान. "आवाज ऐकून सांगतो दिगू, डबा कुठल्या गावचा हाय." डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. बोलता बोलता मधेच एक बोट वर करायचे, सगळ्यांना गप्प करायचे, डोळे मिटायचे. एकदा चहाच्या टपरीवर असंच बोट वर केलं आणि जाहीर केलं, "हा येतोय तो दिंद्रुडच्या देशमुखाचा ट्रॅक्टर." आम्ही सगळे वळून बघतोय तर फाटकातून पाण्याचा टँकर आत आला. टपरीवाला म्हणाला, "भाई, ह्यो तर टँकर हाय."

बशीरभाई कपबशी खाली ठेवून म्हणाले, "पाणी दिंद्रुडचंच असंल."

अशा माणसाच्या ताब्यात, त्यांचीच रेकॉर्ड केलेली सूचना गव्हाणीवर वाजवायला, एक कॉम्प्युटर आला. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लासमधून कारखान्यानं उचललेला, पिवळा पडलेला. त्याच्यात आवाजाचं कार्ड होतं तेही जुनं, लांब काळ्या खाचेत बसणारं. तसलं कार्ड तेव्हाच बाजारात मिळेनासं झालं होतं. एक तरुण इंजिनिअर काही महिने होता, त्यानं त्याच्यावर लिनक्स घातलं, बशीरभाईंना चार गोष्टी दाखवल्या आणि चांगली नोकरी लागल्यावर पुण्याला निघून गेला. मागं उरलं ते मशीन, ते कार्ड आणि बशीरभाई.

नव्या मशीनचं बरं असतं; कार्ड आपलं आपण ओळख सांगतं. या जुन्याला तसं येत नव्हतं. त्याचा पत्ता कोणता, ते कितव्या नंबरानं मशीनला हाक मारतं, सगळं माणसानं आधी लिहून द्यायचं. बशीरभाईंनी याची स्वतःची भाषा तयार केली होती. कार्डानं मशीनचं लक्ष वेधणं म्हणजे दस्तक. "पाच नंबरच्या दारावर दस्तक देतंय ते. आपन मशीनला सांगायचं, पाच नंबरचं दार उघडं ठेव." आणि दार उघडलं तरी कार्ड सुरुवातीला मुकंच असायचं. पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसायच्या आणि प्रत्येकीच्या पायाशी दोन एम. "एम म्हंजी मुकं," हे बशीरभाईंचं इंग्रजी. एक कळ दाबून ते एम घालवायचे, पट्टी वर चढवायची, आणि ही मांडणी साठवून ठेवायची. नाहीतर वीज गेली की कार्ड परत मुकं. मशीन मात्र कुठंच चूक दाखवत नाही. वाजवतोय म्हणतं, पट्टी पुढं सरकते, आणि भोंग्यातून काहीच येत नाही. बशीरभाई म्हणायचे, "पडद्यावर भरोसा ठेवू नको. बाहेर जाऊन कानानं ऐकायचं, मग हो म्हनायचं."

हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल.

पहिल्या हंगामात एक घोळ झाला. वजनकाट्याची पावती त्याच मशीनवरून छापायला लागली की आवाज अडखळायचा. गव्हाणीवर ऐकू यायचं, "बा-बा-बाजूला." पोरं तोतरं म्हणून चिडवायची. चीफ इंजिनिअर म्हणाले भोंगे बदला. बशीरभाई चहा पीत मशीनसमोर बसून राहिले आणि एका सकाळी ओरडले, "सापडलं! दोगंबी एकाच दारावर दस्तक द्यायलेत. सात नंबर. छपाईवालाबी सात, आवाजबी सात. मशीनला कळंना आधी कुनाला घ्यावं." मिशीतले पांढरे केस उपटायचा चिमटा खिशातून काढून त्यांनी कार्डावरची बारीकशी टोपी सातावरून पाचावर बसवली. मग मशीनला कार्ड दिसेचना. हे किंचाळायला लागले, "दिगू, तू बाहेर हो बे! तू बघतोस म्हनून लाजतंय ते." मी बाहेर गेलो. थोड्या वेळानं भोंग्यातून स्वच्छ "बाजूला व्हा" आलं. खरी गोष्ट एवढीच की फाईलमधे पाच लिहायचं ते विसरले होते. ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

मग सगळं नव्यानं रेकॉर्ड करायचं ठरलं. ऑफिसनं मजकूर पाठवला: "सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की." बशीरभाईंनी तो टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवला. "संबंधित कोन बे? शिरूर कासारची सात वर्सांची पोर काय म्हनंल, मी संबंधित न्हाई, मी बसते हितंच?" त्यांनी स्वतःचं वाक्य केलं. त्यातलं "लेकरं बाजूला घ्या" हे म्हणताना आवाज असा खाली आणायचे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप शेजारच्या लेकराकडं जावा. मी जाताना पाहिलाय.

त्या दिवशी रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी मला एक गंमत दाखवली. "हा आवाज एकपदरी हाय. एकाच माइकमधून घेतलेला. मशीनला सांगावं लागतं, बाबा, एकच पदर हाय. चुकून दोन सांगितलं तर ते दोन्ही हातांनी ओढतं, आन् आवाज दुडूदुडू पळतो." त्यांनी आज्ञेच्या ओळीत एकाच्या जागी दोन टाकला. खोलीतल्या छोट्या स्पीकरमधून त्यांचा तो भारदस्त आवाज पोपट किंचाळावा तसा बाहेर पडला. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, डोळे पुसले आणि दोनाचा एक केला.

तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.

कधी कमी व्हायला लागलं ते सांगता येणार नाही. अशी गोष्ट एका दिवसात होत नाही. आधी फोन डाव्या कानाला गेला. मग टपरीवरच्या गप्पांत ते आमच्या हसण्यानंतर हसायला लागले. कुणी विचारलं, "भाई, जेवला का?" तर म्हणायचे, "हो, परवाच आलाय." कुणी परत विचारलं तर उजव्या कानाला हात लावून, "फाया हाय रे कानात." फाया कानाच्या वरच्या घडीत असतो, भोकात नसतो, हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही. बोट वर करून गप्प करणं मात्र वाढलं. डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठलाही आवाज ओळखायचे नाहीत. नुसतंच "हं" म्हणून बोट खाली.

मला पक्कं कळलं ते त्यांच्या बोटांवरून. भोंग्याची चाचणी घेताना ते खोलीतल्या स्पीकरच्या पडद्यावर बोटांची टोकं टेकवायला लागले. पडदा थरथरला की मान डोलवायची. मग खिडकीतून माझ्याकडं बघायचं. मी गव्हाणीच्या काठावर उभा असायचो. हात वर केला की ठीक.

ही पद्धत आमच्यात कधी ठरली नाही, बोलून तर नाहीच. एकदा हात वर केला, दुसऱ्या दिवशी केला, मग मी त्यांचा कान झालो. ऑफिसात नवे अधिकारी आले होते, भोंग्याच्या खोलीत आपला माणूस बसवायचा म्हणत होते. बशीरभाईंची मुलगी लग्नाची होती. माझी नोकरी त्यांनीच शब्द टाकून लावली होती. एवढी कारणं देता येतात. देतोय तोवर बरं वाटतं.

एका हंगामात, ऊस अगदी जोरात असताना, दुपारी ट्रान्सफॉर्मरमधे मोठा आवाज झाला आणि सगळं अंधारलं. वीज आली तेव्हा कॉम्प्युटर उठला नाही. बशीरभाईंनी जुनी डिस्क काढली, दुसरी लावली, लिनक्स परत घातलं. पत्ता, दस्तकेचं दार, एम घालवणं, पट्ट्या चढवणं, साठवणं, सगळं पाठ होतं. आवाजाची फाईल वेगळी ठेवलेली होती म्हणून वाचली. फक्त ती वाजवायची आज्ञा नव्यानं लिहायची होती. गाड्या रस्त्यापर्यंत तुंबल्या होत्या, ऑफिसातून फोनवर फोन. त्यांनी ओळ लिहिली, बोटं स्पीकरच्या पडद्यावर टेकवली, खिडकीतून माझ्याकडं पाहिलं आणि कळ दाबली.

भोंग्यातून पोपट किंचाळला.

आवारातल्या माना आधी भोंग्याकडं वळल्या. मग गाडीवान, हमाल, तोडणीच्या बाया, सगळे खो खो हसत सुटले. एक मुकादम ओरडला, "ए भोंगेवाल्याच्या गळ्यात मिरची अडकली रं!" त्या तापलेल्या, घामेजल्या दुपारी पहिल्यांदा कुणी हसत होतं. खिडकीत बशीरभाई माझ्याकडं बघत होते. गव्हाणीवरचा ऑपरेटरही माझ्याकडं बघत होता.

मी हात वर केला.

संध्याकाळी सांगू म्हटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आवाज बिघडलाय, हे सांगितलं की पुढचं वाक्य आलंच: तुम्हाला ते कळलं नाही. ते पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. उद्या बघू. उद्या परवा झाला.

इथवर कुणीही मला समजून घेईल. पुढचं तेवढं सोपं नाही. दर शुक्रवारी दुपारी बशीरभाई नमाजाला जायचे तेव्हा त्यांच्या खुर्चीवर मीच बसायचो. ती ओळ माझ्यासमोर होती. दोनाचा एक करायचा, एवढंच. एका शुक्रवारी मी कर्सर त्या आकड्यावर नेलाही. तेवढ्यात साखळी निघणार म्हणून गव्हाणीवरून घंटी आली, मी कळ दाबली, पोपट ओरडला, बाहेरून हसू आलं. मीही हसलो. आणि ओळ तशीच ठेवून चहा मागवला. मला तो आवाज आवडायला लागला होता. आवारात सगळ्यांनाच आवडायला लागला होता. आता सुधारला तर लोक विचारतील, उगाच चर्चा होईल. असू दे. हंगाम संपत आलाच होता.

लेकरांना तर त्याचं वेडच लागलं. पूर्वी आवाज आला की आया ओरडायच्या आणि पोरं काठावरून पळायची. आता आवाज आला की पोरं तोडणीवाल्यांच्या कोप्यांमधून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांमधून, गाड्यांखालून निघून गव्हाणीकडं धावायची. एक भोंगा गव्हाणीच्या अगदी डोक्यावर होता. त्याच्याखाली उभं राहून नक्कल करायची, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." आया हसत बघायच्या.

बशीरभाईंना खिडकीतून हे दिसायचं. एकदा मला खांद्याला धरून खिडकीशी नेलं. "बघ दिगू. आवाज दिला की कशी येतात लेकरं. ह्याच्या आधी कवा आलती का?" चेहरा फुलला होता. "आवाजात काई तरी असतंच बे. लेकराला कळतं."

मी म्हणालो, "हो भाई."

काजल नावाची मुलगी होती, सहा-सात वर्षांची, आईबाप शिरूर कासारकडचे. दुपारची वेळ. साखळी थांबलेली, घंटी आली, आवाज गेला. काजल भोंग्याकडं बघत बघत आली, वर बघत होती, खाली नाही. काठावरच्या पाचटावरून पाय घसरला. साखळी निघाली होती. ऑपरेटरनं बटण दाबलं, पण साखळी दाबल्याबरोबर थांबत नाही. सुऱ्यांपर्यंत गेली नाही एवढंच. उजवा पाय घोट्यापासून गेला.

तिच्या आईचा आवाज मी इथं लिहीत नाही.

जीप बीडकडं निघाली, तिच्यामागं सगळं आवार फाटकापर्यंत धावलं. बशीरभाईही धावले. भोंग्याची खोली उघडीच होती. मी आत गेलो, खुर्चीवर बसलो आणि दोनाचा एक केला.  हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

चौकशीला साहेब आले. म्हणाले, सूचना कशी होते ते मला ऐकू द्या. बशीरभाईंनी कळ दाबली आणि आवारभर त्यांचा तो जुना, भारदस्त, काळजीचा आवाज पसरला. लेकरं बाजूला घ्या. साहेबांनी मान डोलवली. मग मला विचारलं, "घटनेच्या वेळी आवाज झाला होता का?"

मी म्हणालो, "झाला होता."

ऑपरेटर तेच म्हणाला. हमाल तेच म्हणाले. कुणीच खोटं बोललं नाही. पोरीकडं आईबापाचं लक्ष नव्हतं, असं ठरलं. साहेबांची गाडी गेल्यावर एक गाडीवान माझ्याजवळून जाताना, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोपट मेला वाटतं, वायरमन." आणि बैलांना हाकत निघून गेला.

बशीरभाईंनी त्या दिवसापासून अत्तर लावलं नाही. कितीतरी दिवस ते मला एकच विचारायचे, कामात, टपरीवर, मधेच. "आवाज तर दिला होता रे. दिला होता ना?"

"दिला होता, भाई."

"मग लेकरू गव्हाणीकडं आलं कावून?"

मी खांदे उडवायचो. त्यांना तेवढं उत्तर ऐकू यायचं.

हंगाम संपल्यावर त्यांनी स्वतःच काम सोडलं. पुढं कारखानाही बंद झाला. मी दिंद्रुडला पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुलं मोठी झाली, माझे केस गेले. माजलगावला कामानं जायचो, पण फळबाजाराच्या गल्लीतून जायचं टाळायचो, कारण बशीरभाईंच्या मुलाचं तिथं दुकान होतं आणि ते तिथं बसतात असं ऐकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तो मुलगाच माझ्या दुकानात मोटार घेऊन आला. ओळख पटल्यावर म्हणाला, "अब्बांना आता काहीच ऐकू येत न्हाई. पन तुमचं नाव काढतात. म्हनतात, माझे कान गेलते तवा दिगूनं माझे कान सांभाळले. कुनाला कळू दिलं न्हाई."

त्या वाक्यानंतर मला मोटार उघडता येईना.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. संत्र्यांच्या ढिगामागं बशीरभाई स्टुलावर बसले होते. मिशा पूर्ण पांढऱ्या. मला बघून दोन्ही हात पसरले. "दिगू! म्हातारा झालास बे!" आवाज एवढा मोठा की गिऱ्हाइकं वळली. आपला आवाज केवढा येतोय हे त्यांना कळत नव्हतं. मग माझ्या तोंडाकडं बोट करून म्हणाले, "हळू बोल. मी ओठ वाचतो आता. लिनक्सपरीस सोपं हाय."

मी हळू बोललो. एकपदरी, दुपदरी, एवढं म्हणताच त्यांच्या भुवया जवळ आल्या. मी थांबलो नाही. पोपट. हसू. शुक्रवार. पोरं भोंग्याखाली का यायची ते. आणि जीप गेल्यावर मी खोलीत काय केलं ते. ते सांगताना माझा हात तोंडाकडं गेला, तो त्यांनी धरून खाली केला. ओठ दिसायला हवे होते.

बराच वेळ ते संत्री नीट लावत राहिले. नीटच होती, तरी लावत राहिले. मग विचारलं, "लेकरं माझ्यावर हसत होती?"

"हो."

"मला वाटलं..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला शिवी देतील म्हणून मी उभा होतो. त्यांनी फक्त विचारलं, "कुठलं गाव त्या पोरीचं?" मी सांगितलं. ते उठले, मुलाकडून टोपी मागून घेतली. "चल."

"आत्ता?"

ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, त्यामुळं तो प्रश्न तसाच राहिला.

मोटारसायकलवर ते माझ्या मागं बसले.  शिरूर कासार ओलांडलं की रान उघडं पडत जातं. गावात शिरलो तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. काजलच्या घरालाही कुलूप. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली. बशीरभाई ओट्याच्या कडेला टेकले, टोपी मांडीवर. ही आमची शेवटची भेट ठरली. हंगाम संपायच्या आधीच ते गेले. त्यामुळं त्या ओट्यावरचे बशीरभाई मला जसेच्या तसे दिसतात.

त्यांनी म्हातारीला विचारलं, फार मोठ्यानं, "काजल कुठं हाय?"

"तीबी गेलीय की आईबापासंगं," म्हातारी म्हणाली. "कोपीवर सैपाक करती. धाकट्या भावाची लेकरं बघती."

"काय म्हनली?" बशीरभाईंनी मला विचारलं. मी त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं.

"कुठल्या कारखान्याला?"

"ते मुकादमाला ठाव. आमी काय बघाय गेलोत व्हय?"

मी सांगितलं. बशीरभाईंनी मांडीवरची टोपी सरळ केली. मग आवाज शक्य तेवढा खाली आणत, तरी ओरडल्यासारखंच, म्हणाले, "त्या दिवसाचं काई बोलती का ती? पाय गेला त्या दिवसाचं?"

म्हातारीनं शेंग फोडायची थांबवली. आम्ही कोण हे आता तिच्या ध्यानात येत असावं. "बोलती ना," ती म्हणाली. "आई लई मारायची तिला, तिकडं गेलीस कावून म्हनून. पोर एकच सांगायची. म्हनायची, तिकडून हाका येत व्हत्या, म्हनून गेलते."

बशीरभाई माझ्याकडं वळले. "काय म्हनली?"

म्हातारी माझ्याकडं बघत होती. मान हलवून "काही नाही" म्हणणं मला जमलं असतं. वर्षानुवर्षं जमलं होतं. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, म्हणजे माझा चेहरा उजेडात येईल, आणि एकेक शब्द सुटा करून, तिनं म्हटलं तसंच म्हटलं.

माझं बोलून झालं होतं, तरी ते माझ्या ओठांकडं बघतच राहिले.